नाकाला रुमाल

गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या एक वहिनी बँकॉक, पट्टाया करून आल्या. परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. मी थोडेफार लिहिते. आणि लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याने केलेला प्रवास बसल्या जागी ऐकायला मिळणे म्हणजे पर्वणीच. चहा झाला. "मग, कसं काय झालं?" मी विचारले. वहिनींचा चेहरा उजळला. "खाण्याचे म्हणून मुळीच हाल झाले नाहीत हो! रोज गरम फुलके, वरणभात, आणि शेवटच्या दिवशी तर चक्क पुरणपोळी!"

मी पुढच्या वाक्याची वाट पाहत बसले. ते आले नाही. चाओ फ्राया नदीबद्दल, तिच्या काठच्या देवळांबद्दल खोदून खोदून विचारले तेव्हा चार शब्द निघाले. पुरणपोळीबद्दल मात्र ती जाड होती की पातळ आणि तूप साजूक होते की नव्हते, इथपर्यंत सर्व सांगून झाले.

वाचकहो, मी आज या पुरणपोळीविरुद्ध लिहिणार आहे. दिवाळीच्या दिवसांत, तुमच्या शेजारी चकली-कडबोळ्यांची ताटली असताना असले काही लिहिणे औचित्याला धरून नाही, हे मला कळते. पुरणपोळीवर माझा राग नाही. होळीला मी स्वतः वाटीभर तूप ओतून ती खाते. राग आहे तो तिला विमानात बसवून बँकॉकला नेणाऱ्या आपल्या वृत्तीवर.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील, म्हणून आधीच सांगते. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवते. मॅट्रिकपलीकडे, म्हणजे आताच्या दहावीपलीकडे, कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. कादंबऱ्या लिहिल्या आहेत, पण त्यांच्या मानधनात विमानाचे एक चाकसुद्धा यायचे नाही. तरी भिशीच्या पैशांनी आणि ह्यांच्या बोनसवर दोन वेळा परदेश पाहिला. २०१७ च्या मे महिन्यात एका प्रवासी कंपनीबरोबर सिंगापूर-मलेशिया, आणि २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघेच व्हिएतनामला. पहिल्या प्रवासात मी इतरांसारखीच वागले. किंबहुना इतरांपेक्षा वाईट वागले. ते पुढे येईलच.

पहिल्या प्रवासात आम्ही चाळीस माणसे होतो आणि आमच्या दिमतीला दोन आचारी होते. सिंगापुरात दुपारी आणि रात्री बस एखाद्या भारतीय हॉटेलापुढे उभी राही, आम्ही ओळीने जिना चढत असू, आणि वर तेच ते पनीर, तीच पिवळी डाळ, तेच गुलाबजाम. खिडकीतून खाली पाहावे तर रस्त्यापलीकडे मोठे छप्पर, त्याखाली शेपन्नास गाळे, वाफा, भांड्यांचा खणखणाट आणि माणसांची ही गर्दी! चौकशी केली तेव्हा कळले की याला हॉकर सेंटर म्हणतात. सिंगापूरच्या सरकारने १९६८-६९ मध्ये रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि पुढे १९८६ पर्यंत त्यांना अशा छपरांखाली आणले. नळ दिला, गटार दिले, ओटा दिला. आपल्याकडे फेरीवाल्याला नगरपालिकेची गाडी येते एवढे ठाऊक. तिथे त्याला गाळा मिळाला. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मानवजातीचा तो वारसा आम्ही पहिल्या मजल्यावरून, पनीर चावत चावत पाहिला.

एकदा आमचे जेवण लवकर आटोपले म्हणून मी आणि हे दोघे वीस मिनिटांसाठी तिकडे जाऊन आलो. कोणीही नसलेल्या टेबलांवर कागदी रुमालांची पाकिटे ठेवलेली. मला वाटले, विसरली असतील. ह्यांनी मात्र लगेच ओळखले. एस. टी.च्या खिडकीतून आपण सीटवर रुमाल टाकतो ना, तसेच ते! पाकीट ठेवले की जागा धरली. तिथल्या बोलीत त्याला 'चोप' करणे म्हणतात. परक्या देशात इतके घरच्यासारखे मला दुसऱ्या कशानेही वाटले नाही. कोल्हापूर स्टँडवर उभे असल्यासारखे वाटले म्हणा ना.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते मी गेली काही वर्षे इतक्या वेळा ऐकले आहेत की पाठ झाले आहेत.

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप शाकाहाराचा. "अहो, तिकडे आमच्यासारख्यांना मिळतं काय?" हा प्रश्न मी हलका मानीत नाही. ज्याने श्रद्धेने मांसमासे वर्ज्य केले आहेत, त्याच्या ताटात डोकावण्याचा मला हक्क नाही. आणि हेही खरे की व्हिएतनाम, थायलंडच्या स्वयंपाकात मासे मिठात मुरवून काढलेले पाणी आपल्या फोडणीसारखे जिकडेतिकडे असते. भाजी म्हणून जे समोर येते त्यातही ते असू शकते. विचारल्याशिवाय खाऊ नये. पण विचारले तर?

हनोईला आम्ही बुद्धपौर्णिमेच्या सुमारास होतो. एका गल्लीत दुकानावर रोमन लिपीत 'चाय' असे वाचून हे खूश झाले. चार दिवस चहा मिळाला नव्हता. आत गेलो तर चहा नाहीच. भात, तळलेले टोफू, अळंबी, शेंगदाण्याची चटणी, पाल्याचे सार आणि भाज्यांचे पाच-सहा प्रकार! तिथे 'चाय' म्हणजे शाकाहारी अन्न. अमावास्येनंतरची प्रतिपदा आणि पौर्णिमा, असे महिन्यातून दोन दिवस तिथले पुष्कळ बौद्ध लोक मांसमासे खात नाहीत. आपली एकादशी, त्यांची पौर्णिमा. थायलंडात तसेच 'जे' म्हणतात. पिवळ्या पताकेवर तांबडी अक्षरे दिसली की समजावे. दरवर्षी चिनी चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या नवरात्राच्या आगेमागे, नऊ दिवस गाड्यागाड्यांवर त्या पताका लागतात. आणि गंमत अशी की 'जे' अन्नात कांदाही नसतो, लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या चुलत सासूबाईंनी ज्याला बोट ठेवायला जागा नाही असे हे अन्न बँकॉकच्या रस्त्यावर मिळते. वहिनींनी मात्र ते पाहिले नाही, कारण त्यांना कोणी सांगितले नाही. आणि प्रवासी कंपनी कशाला सांगेल? पुरणपोळी हे तिच्या जाहिरातीतले भांडवल आहे.

शाकाहाराच्या आड दुसरेच काही लपलेले असते असा मला दाट संशय आहे. आमच्या चाळीस जणांतले निम्म्याहून अधिक घरी मटण खाणारे होते!

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. याला मी फार जागा देणार नाही. स्टेशनाबाहेर उभे राहून, हात न धुता, रद्दी कागदातला वडापाव खाणाऱ्या जातीने हा आक्षेप घ्यावा याचे मला हसू येते. मी नियम एवढाच पाळते की जिथे तिथलीच माणसे रांग लावून उभी आहेत आणि जे डोळ्यांदेखत उकळते किंवा तळले जाते, तिथे खावे. कापून ठेवलेल्या फळांच्या वाटेला जाऊ नये. व्हिएतनामात आठ दिवस रस्त्यावर जेवलो, दोघांचे पोट एकदाही बिघडले नाही. सिंगापूरच्या प्रवासात एकदा बिघडले होते. कशाने, ते सांगायलाच हवे का? पहिल्या मजल्यावरच्या त्या पनीरने. सकाळपासून ते तसेच ठेवलेले असावे.

तिसरा मुद्दा 'आपले ते आपले' हा. क्वालालंपूरला असताना एकादशी आली. आमच्या आचाऱ्यांनी भल्या पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली आणि बसमध्ये टाळ्या पडल्या. 'परदेशातसुद्धा आपला उपास मोडला नाही,' म्हणून एक आजोबा गहिवरले. मीही टाळ्या वाजवल्या. पुढे कधीतरी कोश चाळताना कळले की साबुदाण्यातला 'साबू' हा मूळ मलाय भाषेतला 'सागू' आहे. त्या बेटांवरच्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून ते पीठ निघते. आपण आज खातो तो साबुदाणा झाडाचाही नव्हे. तो कसाव्याच्या कंदाचा, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेतला. खिचडीतला शेंगदाणा तिथला, बटाटा तिथला, मिरचीसुद्धा तिथली! गेल्या पाचशे वर्षांत ही सारी मंडळी पोर्तुगीज आणि इतर गोऱ्यांच्या गलबतांतून उतरली आणि थेट आपल्या एकादशीच्या पानात जाऊन बसली. त्यांना कोणी नाकाला रुमाल लावला असेल का, कोण जाणे. मला वाईट याचे वाटते की आम्ही ज्या मलायांच्या देशात खिचडीला टाळ्या वाजवीत होतो, तिथे शिजवलेला साबुदाणा, नारळाचे दूध आणि ताडाचा गूळ असा एक थंडगार गोड पदार्थ लोक आवडीने खातात. उपासाला अगदी चालण्याजोगा. त्याची चौकशी आमच्यापैकी एकानेही केली नाही.

पाहुणचाराचेही पाहा. परदेशातला कोणी आपल्या घरी आला की आपण काय करतो? त्याला मांडी घालून बसवतो, हाताने जेवायला लावतो, नको नको म्हणत असताना पानात आणखी एक पुरणपोळी वाढतो. त्याने 'वा!' म्हटले नाही तर घरधनीण चार दिवस उदास. त्याने आपल्या पिशवीतून पावाचा तुकडा काढून खाल्ला तर? तो पुन्हा आपल्या उंबऱ्यावर येणार नाही, याची आपण तजवीज करू. आणि आपण त्याच्या देशी जातो ते थेपल्यांचे डबे आणि लोणच्याच्या बाटल्या घेऊन! आग्रह करण्याची आपल्याला एवढी हौस. आग्रह करून घेण्याची वेळ आली की आपले पोट नाजूक होते.

हनोईची सकाळ मला आठवते. फुटपाथवर ढोपरभर उंचीची प्लॅस्टिकची स्टुले, त्यांवर कचेरीला निघालेली माणसे, शाळेच्या गणवेशातली पोरे. एका बाईच्या पुढ्यात हंडा. त्यात रात्रभर मंद आचेवर ठेवलेला रस्सा. दालचिनी आणि चक्रीफुलाचा वास आमच्या गरम मसाल्याचाच, पण तेल-तिखटाच्या खालून न येता मोकळा येणारा. तिने वाडग्यात तांदळाच्या पांढऱ्या पट्ट्या घातल्या, वर कोंबडीचे तुकडे, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि वरून तो रस्सा. शेजारी लिंबू, मिरच्या, लसूण घातलेले व्हिनेगर. याला 'फो' म्हणतात. मला त्या दोन काड्या वापरता येईनात. बाईने पाहिले, हसली, माझ्या हातातल्या काड्या तिने नीट बसवून दिल्या, आणि मी दोन घास घेईपर्यंत समोर उभी राहिली. तिला मराठी येत नव्हते, मला तिची भाषा येत नव्हती, पण ती जे करत होती त्याला आमच्याकडे आग्रहच म्हणतात. २०१६ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा याच शहरात असल्याच स्टुलावर बसून जेवले होते. हॉटेलवाल्याने ते टेबल काचेत घालून ठेवले आहे म्हणे. तसा तारे देणारा तो फ्रेंच मिशलिनचा ग्रंथही २०१६ मध्ये सिंगापूरच्या हॉकर गाळ्यांपर्यंत पोचला. हे ऐकले की आपली माणसे तिथे जातात, ताटाचा फोटो काढतात. साहेबाने खाल्ले की आपल्याला भूक लागते, हा आणखी एक जुना आजार. त्यावर पुन्हा कधीतरी.

आता जे सांगायचे टाळत होते ते सांगते.

२०१७ च्या त्या प्रवासात आम्ही पिनांग बेटावर दोन रात्री होतो. जॉर्जटाऊन म्हणून जुने शहर आहे. तिथे तमिळ मुसलमानांनी रुजवलेला 'नासी कंदार' प्रसिद्ध आहे. नासी म्हणजे भात आणि कंदार म्हणजे कावड. पूर्वी खांद्यावर कावड घेऊन ते भात आणि कालवण विकत हिंडत. गाइडने रात्रीच्या बाजारातून आम्हांला 'फक्त पाहण्यासाठी' नेले. एका गाडीवर एक म्हातारी मोठ्या कढईत पालेभाजी परतत होती. तिने चमचाभर काळपट लगदा कढईत टाकला आणि एकदम उग्र वासाचा लोट आला. आमच्या बायकांनी पटापट रुमाल काढले. कोणीतरी मोठ्याने "शी!" म्हणाले. मीही रुमाल काढला आणि नाकाला लावला.

म्हातारीने वर पाहिले. तिच्या गाडीच्या कोपऱ्यावर एक छोटा टेबलपंखा होता. त्याचा वारा धूर रस्त्याकडे ढकलत होता. तिने हात पुसला, पंखा उचलला आणि फिरवून स्वतःकडे करून ठेवला. मग धुरात डोळे मिचकावीत ती पुन्हा परतू लागली. रागाने नव्हे. घरातली मोठी बाई पाहुण्यांसाठी जशी आपली खुर्ची सरकवते तसे तिने ते केले.

तो काळा लगदा म्हणजे 'बेलाचान'. बारीक कोळंबी मिठात आंबवून, वाळवून केलेला. गोव्यातल्या 'बालशांव'चे नाव त्यावरूनच आले असे मानतात. आणि ती बारीक कोळंबी म्हणजे दुसरे काही नसून आमचा जवळा! जवळ्याची चटणी, जवळ्याचे सुके ही माझ्या माहेरची पावसाळ्यातली नित्याची पाने. तो वास मी ओळखला होता. कढईतून लोट आला त्या क्षणीच ओळखला होता. तरीही रुमाल लावला, कारण माझ्या दोन्ही बाजूंना पुण्या-मुंबईच्या बायका होत्या आणि जवळा खाणारी म्हणून त्यांनी मला ओळखू नये असे मला वाटले.

ही कला मी पिनांगला शिकले नव्हते. त्याआधी दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात मधल्या सुट्टीत एका मुलाने डबा उघडला. भाकरी आणि सुकटीची चटणी. पोरांनी नाके धरली, "बाई, वास येतो!" म्हणून ओरडा केला. मी वर्गशिक्षिका. मी त्याला म्हटले, "बाळा, तू जरा व्हरांड्यात बसून खा." किती गोड आवाजात म्हटले होते! दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डब्यात भाकरी आणि मीठ-मिरची एवढेच दिसू लागले. मला बरे वाटले. पोर समजूतदार आहे, असे शिक्षकांच्या खोलीत मी बोलूनही दाखवले. त्या आठवड्यात आमच्या घरी निदान दोनदा सुकट झाली असेल.

परदेशच्या गाड्यांवर आपण जो रुमाल काढतो तो विमानतळावर विकत घेतलेला नसतो, एवढेच मला म्हणायचे आहे. तो आपण घरून नेतो. आपल्या वर्गात, आपल्या सोसायटीच्या जिन्यात, भाड्याने खोली देताना 'तुम्ही काय खाता?' असे विचारणाऱ्या आपल्या तोंडात तो घडी घालून ठेवलेला असतो. न खाणे निराळे आणि किळस करणे निराळे. माझ्या चुलत सासूबाई जन्मभर शाकाहारी. पण घरात मासे आले की कोळणीला पाणी देऊन, पाट देऊन, तिच्या पोराबाळांची चौकशी केल्याशिवाय त्यांनी तिला कधी जाऊ दिले नाही.

पिनांगला दुसऱ्या दिवशी सकाळी मला झोप लागेना. हे घोरत होते. मी एकटीच खाली उतरले. कोपऱ्यावर एक तमिळ गृहस्थ पाटीतून काहीतरी विकत होता. जवळ जाऊन पाहते तो शिरवाळ्या! तांदळाच्या वाफवलेल्या, पांढऱ्या, जाळीदार, ताज्या शिरवाळ्या. तिथे त्यांना 'पुटू मायाम' म्हणतात. वर त्याने खोवलेले ओले खोबरे आणि ताडाचा गूळ घातला. आई लाकडी शेवग्यावर शिरवाळ्या पाडायची, आम्ही पोरे खाली केळीचे पान धरायचो. त्या नारळाच्या रसात असत, याच्यावर खोबरे कोरडे होते, फरक तेवढाच. मी उभ्याउभ्या दोन पुडे खाल्ले. मग रात्रीच्या त्या गाडीची जागा शोधत गेले. सकाळची वेळ; तिथे काहीच नव्हते, धुतलेला रस्ता होता. आठ वाजता बस निघाली.

तो मुलगा आता आमच्याच बाजारपेठेत मोबाइल दुरुस्त करतो. मागच्या पावसाळ्यात मी त्याच्याकडे फोन घेऊन गेले तेव्हा त्या डब्याची गोष्ट काढली. "मला काही आठवत नाही बाई," असे म्हणून त्याने मान खाली घातली आणि स्क्रू काढीत राहिला. आठवत नसेल, किंवा शिक्षिकेला लाजवू नये एवढे शहाणपण त्याला असेल. फोनचे पैसे त्याने घेतले नाहीत.

आमच्या वहिनी येत्या डिसेंबरात व्हिएतनामला निघाल्या आहेत. मी परवा त्यांना एका कागदावर 'चाय' हा शब्द रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून दिला, पंचांगात पाहून पौर्णिमेची तारीख लिहिली, आणि हनोईत ती फो विकणारी बाई कुठल्या तळ्याच्या मागच्या गल्लीत बसते त्याचा नकाशाही काढून दिला. चित्रकलेची शिक्षिका असल्याने नकाशा चांगला झाला होता. वहिनींनी तो कौतुकाने पाहिला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "बाकी तुम्ही जाऊन आलात म्हणून विचारते हो, मेथीचे थेपले तिकडच्या हवेत किती दिवस टिकतात?"